फ्रिजवरचं चुंबक

आमच्या फ्रिजवर आंब्याच्या आकाराचं एक चुंबक होतं. कुणीतरी रत्नागिरीहून आणलेलं, देठाचा टवका उडालेलं. त्याच्याखाली लाइटबिल अडकवायची आमची पद्धत. दीड वर्षापूर्वी मी ते काढून रुमालात गुंडाळलं आणि खिशात टाकलं. तेव्हापासून घरात लाइटबिल वेळेवर सापडलेलं नाही, आणि ह्या गोष्टीचा उल्लेख महिन्यातून एकदा, बिल भरायच्या शेवटच्या तारखेला, न चुकता होतो.

जुनी गाडी बघायला जाताना चुंबक न्यावं. दाराच्या खालच्या कडेला, चाकावरच्या कमानीला, मागच्या दिव्यांच्या आजूबाजूला अलगद टेकवून बघावं. खाली सरळ पत्रा असला तर टपकन बसतं. ठोकाठोक करून वर पुट्टीचा थर दिलेला असला की घरंगळतं. रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये दाखवणारं मीटर मिळतं, माझ्याकडे आहेही. पण मीटर काढलं की विकणारा सावध होतो. आंबा काढला की हसतो, आणि हसलेला माणूस जरा जास्तच बोलून जातो.

मी तीस वर्षं ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये क्वालिटीला होतो. गिअरचे दात मोजायचे, भोकांचे व्यास तपासायचे. आमच्याकडे 'गो' आणि 'नो-गो' अशा दोन तोंडांचं गेज असतं. एक तोंड भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दोन्ही जमलं तर माल पास. तीस वर्षं हे केल्यावर माणसाचा हात नकार द्यायला शिकतो, होकाराची सवय मोडते. व्हीआरएस घेतली, चार पैसे हातात आले, आणि एका रात्री जेवताना मी जाहीर केलं की मला दोन सीटांची स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. जुनीच, परवडेल अशी.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मानेला पट्टा लावून टीव्हीसमोर बसली होती. मान न वळवता, म्हणजे तिला ती वळवताच येत नाही, तिने विचारलं, "आणि मागे कोण बसणार?"

"मागे सीटच नसते."

"मग सामान?"

"सामानही फारसं मावत नाही."

"मग ती गाडी करते काय?"

मी भात कालवत राहिलो. कारण सांगता येण्यासारखी गाडी हवी असती तर सगळ्या सोसायटीने घेतली तशी उंच, पांढरी, सात माणसांची घेतली असती.

बायकोने कारण विचारलं नाही, आकडा विचारला. ती सहकारी बँकेत कर्जविभागात होती. चौदा लाख म्हटल्यावर तिने पेल्यातलं पाणी संपवलं आणि म्हणाली, "मग दहाचीच बघा. उरलेले चार ती घरी आल्यावर मागेल." दीड वर्षात मी ह्या विषयावर पुष्कळ वाचलं, पुष्कळ ऐकलं. ह्याहून शहाणं वाक्य मला मिळालं नाही.

जगात कुठेही विचारा, स्वस्तातली जुनी टू-सीटर कोणती घ्यावी, तर उत्तर ठरलेलं आहे: माझदाची एमएक्स-५, लाडाने मियाटा. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांना दिसली आणि २०१६ पर्यंत दहा लाख बनून झाल्या. हलकी, साधी, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. पण ठाण्यात हे उत्तर कामाचं नाही. ती गाडी आपल्याकडे अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही. बाहेरून जुनी आणावी म्हटलं तर आयातीचा नियम आडवा येतो: वापरलेली गाडी बनल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि वर भरभक्कम ड्यूटी. म्हणजे जी गाडी जुनी झाल्यामुळे स्वस्त होते, ती जुनी झाल्यामुळेच इथे येऊ शकत नाही. नियम करणाऱ्याने माझ्यासारख्या एखाद्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून तो केला असावा.

तेव्हा आपल्या बाजारात जुन्या टू-सीटरच्या दोनच जाती उरतात. एक, इथेच बनलेल्या. दुसरी, श्रीमंतांनी नव्या घेऊन, कंटाळून सोडलेल्या.

इथे बनलेल्यांपासून सुरुवात केली. आपल्या देशात टू-सीटर स्पोर्ट्स कार बनत होती हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. सॅन स्टॉर्म नावाची एक होती. गेल्या शतकाच्या अखेरीस आली, फायबरग्लासची बॉडी, पुढे रेनॉचं १,१४९ सीसीचं इंजिन. त्यातली एक लाल गाडी पनवेलजवळ एका बंगल्याच्या आवारात विकायला होती. मी दाराला आंबा टेकवला, पडला. बॉनेटला टेकवला, पडला. छपरापासून बंपरपर्यंत कुठेच चिकटेना. घाम पुसून मी गाडीकडे बघत राहिलो. आख्खी गाडी पुट्टीची कशी असेल? मालक व्हरांड्यात चहा घेत होता. म्हणाला, "काका, फायबर आहे ती." क्वालिटीच्या माणसाची एवढी शोभा पुरे होती.

फायबर म्हणजे खाडीच्या खाऱ्या हवेत गंजायची भानगड नाही. विमावालेही अपघातात फायबरग्लासच्या भागावर ३० टक्के घसारा कापतात, प्लास्टिक-रबरावर ५० कापतात, काचेवर काहीच नाही, त्यामुळे कागदावर ती बरी दिसत होती. अडचण इंजिनाची होती. ती गाडी आली तेव्हा रेनॉ आपल्याकडे गाड्या विकत नव्हती. पुढे रेनॉ आली, लोगान आली, डस्टर आली, पण हे इंजिन घेऊन कुणीच आलं नाही. मालकाने मला एक बिस्किटांचा डबा दाखवला. त्यात भाच्याने फ्रान्सहून आणलेला वॉटर पंप, दोन बेल्ट आणि एक सेन्सर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवले होते. डबा देवघराच्या खालच्या कप्प्यात असतो म्हणाला. गाडी छान होती. डब्याची भीती वाटली.

दुसरी चिंकारा. ही तर आपल्या अलिबागजवळ बनायची. लोटस सेव्हन ह्या जुन्या ब्रिटिश गाडीच्या वळणाची, पुढची चाकं अंगाबाहेर, लांब नाक, आणि बसलं की हात खाली सोडला तर रस्त्याला लागेल की काय असं वाटणारी. आत इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन, जुन्या काँटेसा गाडीतलं. काँटेसाचं इंजिन माहीत नाही असा जुना मिस्त्री मुंबई-ठाण्यात सापडणार नाही, हे तिचं बलस्थान. पण मी बघितली तिला डोक्यावर काहीही नव्हतं. ठाण्यात पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो आणि नवरात्रापर्यंत रेंगाळतो. चार महिने ती प्लास्टिकच्या कापडाखाली ठेवायची, उरलेल्या आठपैकी तीन महिने ऊन सोसत नाही. खरं सांगायचं तर मला ती फार आवडली होती. अजूनही कधीकधी डोळ्यांसमोर येते. पण हाताने नो-गो म्हटलं.

ह्या दोन गाड्यांनी एक गोष्ट शिकवली. गाडी कितीही वेगळी असली तरी तिचं पोट चारचौघींसारखं हवं.

मग मी उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी मिस्त्री शोधायचा, गाडी नंतर. तीन मिस्त्री बघितले. पहिल्याचं गॅरेज चकाचक, फरशीवर तेलाचा थेंब नाही, भिंतीवर एसी. तो म्हणाला, "कुठलीही आणा सर, करून देऊ." जो कुठलीही करतो त्याला कुठलीच धड येत नाही, हे मी कारखान्यात शिकलोय. दुसऱ्याने माझं बजेट विचारलं आणि त्याच बजेटची गाडी त्याच्याकडे विकायला निघाली. तिसरे तुर्भ्याच्या एमआयडीसीत, ठाणे-बेलापूर रोडच्या आतल्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये. पन्नाशीचे, मूळचे कराडकडचे. एका गाडीच्या पोटाखाली आडवे होते. मी दहा मिनिटं उभा. खालूनच विचारलं, "काय घ्यायचंय?" मी सांगितलं. ते बाहेर सरकले, हात पुसले आणि म्हणाले, "घेऊ नका."

"घ्यायचीच आहे."

"मग मला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका. आणि इंजिन असं बघा की ज्याचा पार्ट मला कुर्ल्याला सीएसटी रोडवर उभ्याउभ्या मिळेल. छप्पर, दारं, सीटा, ते सगळं तुमचं नशीब. इंजिन माझं."

ज्याची पहिली सूचना 'घेऊ नका' अशी होती तो माणूस पास झाला.

त्यांच्या फूटपट्टीने मोजायला लागल्यावर यादी भराभर छोटी झाली. पोर्शची बॉक्स्टर तिच्या भावकीबाहेर कुणाशी इंजिन वाटून घेत नाही, पण ती बघायचा मोह टाळता आला नाही. वाशीत एका सेक्टरमधल्या बंगल्यासमोर पहिल्या पिढीची, म्हणजे १९९६ ते २००४ च्या काळातली, एक उभी होती. गुलमोहराखाली. ह्या गाड्यांच्या इंजिनात एक मधला शाफ्ट असतो, पिस्टनने फिरणाऱ्या क्रँककडून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमकडे फिरणं पोचवणारा. त्याच्या टोकाचं बेअरिंग दोन्ही बाजूंनी बंद, इंजिनचं तेल त्याच्यापर्यंत धड पोचत नाही. ते फुटलं तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भिडतात आणि आख्खं इंजिन जातं. २००९ पासूनच्या इंजिनात हा शाफ्टच काढून टाकला. पण मला त्या बेअरिंगपर्यंत जावंच लागलं नाही. कापडी छपराच्या मागे दोन्ही बाजूंना पाणी जायला भोकं असतात, ती गुलमोहराच्या बारीक पानांनी बुजली होती. पाणी आत उतरतं ते थेट सीटखालच्या गालिच्यात, आणि त्याच गालिच्यावर चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा डबा बसवलेला. मी गालिचा दाबला, बोटं ओली झाली. मे महिना होता. मालक म्हणाला, "काल धुतली." बाहेरून गाडीवर धुळीचा थर.

ओल ही आपल्या भागातली सगळ्यात मोठी परीक्षा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा किती गाड्या बुडाल्या आणि पुढे धुऊन-पुसून कुठे कुठे विकल्या गेल्या, ते त्या गाड्यांनाच माहीत. तेव्हापासून दर दोन-चार पावसाळ्यांनी नवीन तुकडी बाजारात येते. त्यामुळे मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघतो. शोरूमचा पोऱ्या गालिचा बदलेल, सीट धुईल, पण बेल्टचा आत गुंडाळलेला शेवटचा हात-दीड हात कुणी धूत नाही. तिथे पाण्याची रेघ राहते, चहाच्या कपात राहते तशी. मग सीटच्या रुळांचे बोल्ट बघायचे, डिकीतल्या खळग्यात बोट फिरवायचं. बोटाला गाळ लागला की विकणाऱ्याचे आभार मानून चहा न घेता निघायचं. चहा घेतला की भीड पडते.

आउडी टीटीने माझ्या आंब्याची दुसऱ्यांदा फजिती केली. त्या गाडीच्या दुसऱ्या पिढीत पुढचा भाग अॅल्युमिनियमचा आणि दारं, डिकी पोलादाची. वजन पुढेमागे सारखं वाटलं जावं म्हणून. चुंबक मागे बसतं, पुढे पडतं. ह्या वेळी मी वाचून गेलो होतो, त्यामुळे लाज राहिली. इंजिन स्कोडा-फोक्सवॅगनच्या गोतावळ्यातलं, मिस्त्रींची हरकत नव्हती. पण बघितली ती बंद छपराची होती आणि मागे दोन सीटा होत्या, ज्यांत पाय नसलेलं माणूसच बसू शकेल. आईच्या प्रश्नाला तिथे उत्तर होतं आणि ते उत्तर चुकीचं होतं. बीएमडब्ल्यू झेड-फोर सुंदर. लांब बॉनेट, मागच्या चाकांच्या अगदी पुढ्यात बसायचं. पण तिला रनफ्लॅट टायर, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे, बाजू दगडासारख्या कडक. मेट्रोच्या कामाने उखडलेल्या घोडबंदर रोडवर त्या टायरने खड्डा खाल्ला की धक्का रिमला जातो. बघितलेल्या गाडीच्या चार रिमांपैकी दोन वेल्ड केलेल्या. स्टेपनी नाहीच.

खड्ड्यांचं सोडा, आधी घराबाहेर तरी पडता आलं पाहिजे. आमची इमारत नौपाड्यात. रिडेव्हलपमेंटनंतर तीन मजल्यांची बावीस मजली झाली आणि अंगणाच्या जागी स्टॅक पार्किंग आलं, गाडीवर गाडी. लोखंडी पाटावर चढताना कडेचा उंचवटा, त्यानंतर गेटचा उतार, मग हायवेपर्यंत अकरा स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीत गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच सांगितलाय. त्यावर चाक चढतं आणि उतरतं, पोट टेकत नाही. आमच्या गल्लीतले स्पीडब्रेकर म्हणजे डांबर उरलं म्हणून ओतलेले ढीग. तेव्हा मी प्लायवूडचं गेज बनवलं. मर्सिडीझच्या एसएलकेच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २,४३० मिलिमीटर अंतर आहे; तेवढ्या अंतरावर दोन पाय आणि मधे पोटाची फळी. एका गाडीखाली फूटपट्टी घालून मोजलेली उंची जेमतेम सव्वाशे मिलिमीटर होती, तीच धरली. सकाळी सहाला हे गेज घेऊन मी अकरा स्पीडब्रेकरांवरून सरकवत गेलो. नऊ पास, दोन नो-गो. कोपऱ्यावरच्या वॉचमनने विचारलं, "साहेब, महापालिकेकडून काय?" मी हो म्हणालो. पुढच्या आठवड्यात दोन अनोळखी गृहस्थांनी मला गटाराबद्दल विचारलं.

एसएलकेचं नाव आलंच आहे तर तिच्याकडे येतो. मर्सिडीझची ही टू-सीटर, २००४ ते २०११ च्या पिढीतली, मिस्त्रींनी आधीपासून मनात धरली होती आणि बोलले नव्हते. कारण सरळ. एसएलके २०० कॉम्प्रेसरमधलं १.८ लिटरचं इंजिन, एम२७१, तेच पुण्यात जुळवलेल्या सी-क्लासमध्ये शेकड्यांनी फिरलं. सी-क्लास म्हणजे आपल्याकडच्या डॉक्टर-बिल्डरांची घरची गाडी, तिचे पार्ट कुर्ल्याला मिळतात. व्ही-सिक्सवाली एसएलके ३५० जास्त ताकदीची, पण तिच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या काही इंजिनांत बॅलन्स शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याच्या, दातेरी चाकाचे दात लवकर झिजतात आणि ते बदलायला इंजिन उतरवावं लागतं. मी आयुष्यभर दात मोजले. मऊ दाताची गाडी घरी आणणं जमणार नव्हतं.

छप्पर पत्र्याचं, बटण दाबलं की घडी होऊन डिकीत जाणारं. कापडी छपराला आमच्याकडे तीन शत्रू: बुरशी, मांजर, आणि वरच्या पाइपातून ठिबकणारं चुन्याचं पाणी. पत्र्याला त्यातला शेवटचाच. शिवाय त्या गाडीत एक गंमत होती. सीटच्या पाठीत छोटा हीटर आणि पंखा, डोकं टेकायच्या जागेखालून मानेवर गरम वारा सोडणारा. एअरस्कार्फ. छप्पर उघडून थंडीत फिरता यावं म्हणून जर्मनांनी केलेली सोय. ठाण्यात! दलालाने मे महिन्यात तो चालू करून दाखवला आणि आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

त्या पहिल्या एसएलकेच्या मालकाला मी आदल्या रात्री फोन करून सांगितलं होतं, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. ह्या इंजिनाची टायमिंग चेन, क्रँक आणि कॅमला एका तालात ठेवणारी, ताणली गेली, कॅमच्या टोकाची चक्रं झिजली, तर थंड इंजिन सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद खडखडतं. एकदा तापलं की गप्प. सकाळी सातला मी बॉनेटवर तळवा ठेवला. कोमट. मिस्त्री माझ्या कानाशी आले. "साहेब, हा माणूस पहाटे उठून पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी तापवतो." आम्ही तासभर इकडचं तिकडचं बोलत तिथेच बसून राहिलो, मग आणखी एक तास. नाइलाजाने त्याने चावी फिरवली तेव्हा अजून पुरती थंड नव्हती तरी चेन बोललीच.

कागदांनीही बराच वेळ खाल्ला. गाडीचा नंबर टाकला की सरकारी अॅपवर कितवा मालक, कर्जाचा बोजा, विम्याची मुदत सगळं दिसतं. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ आधी, मग नाव बदलायला २९ आणि ३०. चलनं मात्र मी चवीने वाचायचो. वेगाची चलनं असली की समजायचं, गाडी चालती आहे. एकाच मॉलबाहेर नो-पार्किंगची रांग लागलेली असली की समजायचं, गाडी दाखवायला होती. एका गाडीला तीन वर्षांत एकही चलन नव्हतं, मिस्त्री म्हणाले, "म्हणजे ती चालूच होत नाही."

आणि एक कलम, ज्याकडे लोक बघत नाहीत. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. साध्या चारचाकीला त्याची फी ५,००० रुपये, आयात केलेलीला ४०,०००. वीस वर्षं उलटली की २०२५ च्या नव्या दराने साधीला १०,००० आणि आयातीला ८०,०००. एसएलके बाहेरून तयार आलेली, म्हणजे आयात. दोन लाखांनी स्वस्त वाटणारी २००७ ची आणि महाग वाटणारी २००९ ची, ह्यांच्यातलं अंतर असं कमी होत जातं. बायकोने हा हिशेब एका पाकिटाच्या मागे केला आणि ते पाकीट नंतर लाइटबिलाचं निघालं.

नेरूळची गाडी चंदेरी, २००९ ची, नूतनीकरण २०२९ पर्यंत झालेलं. मालक निवृत्त जहाजी इंजिनिअर. बॉनेट थंडगार, रात्रीचं दव तसंच. त्यांनी आपणहून चावी मिस्त्रींच्या हातात दिली आणि स्वतः मागे सरकले. इंजिन सुरू झालं, मिस्त्रींनी मान तिरकी करून ऐकलं आणि काहीच बोलले नाहीत. चेन आणि कॅमची चक्रं बदलल्याचं बिल फायलीत होतं, तारीख आणि किलोमीटरसकट. टायरवरचे चार आकडे बघितले. शेवटचे चार म्हणजे कितवा आठवडा आणि कुठलं वर्ष. चारही टायर एकाच महिन्यातले. आंबा सगळीकडे बसला, फक्त डाव्या मागच्या कमानीवर घसरला. जहाजी म्हणाले, "तिथे माझ्या बायकोने सोसायटीच्या खांबाला लावली होती. सांगणारच होतो." मी छप्पर पाच वेळा उघडलं-मिटलं आणि घड्याळ लावलं. कंपनी २२ सेकंद सांगते. २२, २२, २३, २२, २४. पाचव्यांदा बॅटरी दमली असावी. छप्पर उचलणाऱ्या सिलिंडरच्या रबरी सीलजवळ तेलाचा ओलसरपणा होता, थेंब नव्हता. मिस्त्री म्हणाले, "हे दोन वर्षांनी पैसे मागेल."

"घेऊ का?"

"मी कशाला सांगू? इंजिन माझं म्हटलं होतं, ते घेतलं मी. बाकीचं तुम्ही बघा."

तीस वर्षांची सवय. मी नो-गो शोधत गाडीभोवती आणखी दोन फेऱ्या मारल्या. जहाजी शांतपणे उभे होते. शेवटी त्यांनीच विचारलं, "तुमची खात्री व्हायला आणखी काय लागेल?" मला सांगता येईना. साडेदहा मागत होते, दहाला झाली, नवी बॅटरी माझी.

घरी आणली तेव्हा पाऊस होता आणि पार्किंगच्या पाटावर तिची हनुवटी एकदा घासली. गेजमध्ये मी माणसाचं वजन धरलं नव्हतं. त्यानंतर पाटाच्या कडेला रबराची पट्टी लावून घेतली, सेक्रेटरींच्या लेखी परवानगीने. ते प्रकरण वेगळं.

जानेवारीतल्या एका रविवारी, सहा वाजता, आई उठून बसली होती. झोप लागत नाही म्हणाली, मान अवघडलीय. मी सहज म्हटलं, चल. ती गाडी इतकी खाली आहे की अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला त्यात बसवणं म्हणजे विहिरीत उतरवणं. पण छप्पर उघडं असलं की डोकं वाकवावं लागत नाही. ती ओट्यावर बसावी तशी आधी कडेने टेकली, मग मी तिचे पाय उचलून आत वळवले. पदर मांडीखाली खोचला. माजिवड्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. पुढे घोडबंदर रोड रिकामा होता, सकाळी सहाला असतो तेवढाच. गायमुखाकडे खाडीवरून गार वारा यायला लागला, तशी तिने खांदे आखडले. मी हसत हसत एअरस्कार्फचं बटण दाबलं.

थोड्या वेळाने तिने मानेचा पट्टा सोडला आणि मांडीवर ठेवला. डोळे मिटून घेतले होते. झोपली असं समजून मी परत फिरायला वेग कमी केला.

"अरे," ती डोळे न उघडता म्हणाली, "ही नुसती खुर्ची मिळते का रे कुठे? टीव्हीसमोर ठेवायला?"

"कुर्ल्याला विचारून बघतो," मी म्हटलं.